कोकणात घर बांधताना काँट्रॅक्टरला हप्ते कसे द्यायचे

सातबारा, बिनशेती, परवानगी, नकाशा, एस्टिमेट हे सगळं झालंय असं धरून चालते. झालं नसेल तर आधी ते करा, हप्त्यांचं मग बघू.

देवगडकडे आमचं घर 2015 ला बांधलं. त्यानंतर दोन्ही दिरांची, नणंदेचं आणि मावसभावाचं अशी अजून चार घरं माझ्या नजरेखाली झाली, कारण ती सगळी मंडळी डोंबिवली-विरारला आणि गावात राहणारी मी एकटीच. पहिल्या घरात मार खाल्ला, पुढच्या चारात नाही. सगळा फरक हप्त्यांचा. "विश्वासातला माणूस बघा, बाकी काही लागत नाही" असं सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. आमचा काँट्रॅक्टर शेजारच्या वाडीतला होता, माझ्या लग्नात जेवून गेलेला.

आधी करार. स्टॅम्प किती लागतो ते वकिलाला विचारा. रेट फुटाला किती, फूट कुठलं मोजणार (पडवी आणि जिना अर्धा धरणार की पूर्ण), मटेरियलसकट की नुसती मजुरी, जीएसटी आत की बाहेर, सिमेंट-सळई कुठल्या कंपनीची, एवढं त्यात पाहिजेच.

हप्त्यांचा तक्ता

इथे थांबा, घाई करू नका. बहुतेक काँट्रॅक्टर स्वतःच तक्ता छापून आणतात आणि तो असा असतो: काम चालू करताना 20 टक्के, जोत्याला 20, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वरची काँक्रीटची पट्टी) 15, स्लॅबला 20. म्हणजे स्लॅब पडेपर्यंत 75 टक्के त्याच्या खिशात. 1000 फुटाचं घर, रेट 2000 धरला तर 20 लाखातले 15 लाख गेले, आणि उरलेल्या 5 लाखात गिलावा, फरशी, वायरिंग, नळ, दारं-खिडक्या, रंग, संडास-बाथरूम सगळं करायचं. नाही होत. त्यालाही माहीत असतं होत नाही, म्हणून स्लॅबनंतर तो दिसेनासा होतो आणि तुमच्या पैशाने दुसऱ्याचं जोतं बांधायला घेतो, तिकडचा हप्ता आला की कधीतरी तुमच्याकडे वळतो.

मी प्रत्येक हप्त्याला एकच प्रश्न विचारते: हा माणूस उद्या आला नाही तर माझ्याकडे उरलेल्या पैशात दुसरा मेस्त्री उरलेलं काम करून देईल का? उत्तर नाही असेल तर तक्ता चुकलाय.

माझा तक्ता असा असतो: सुरुवातीला 5, जोतं भराव घालून चोपून पूर्ण झालं की 15, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती लिंटेलपर्यंत 15, स्लॅबचे मिळून 25 (ते कसे तोडायचे ते खाली), आतबाहेर गिलावा 15, फरशी-वायरिंग-प्लंबिंग 10, रंग आणि दारं-खिडक्या 5, आणि शेवटचे 10 पावसानंतर. काँट्रॅक्टर आधी तोंड वाकडं करतो. करू दे. सुरुवातीचे 5 चे 10 करा फार तर आणि ते 5 जोत्यातून कापा, पण स्लॅब उतरेपर्यंत 60 च्या वर जाऊ नका.

"स्लॅब लेव्हल" हा शब्द करारात येऊ देऊ नका

माझं घोडं इथेच अडलं होतं म्हणून सविस्तर सांगते. आमच्या करारात लिहिलेलं "स्लॅब लेव्हलला 30 टक्के". वाचताना काय वाटतं? स्लॅब झाला की 30 टक्के. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो दारात उभा. "वैनी, स्लॅब लेव्हल इली मा, हप्तो देवा. सेंट्रिंगवाल्याक देऊचे आसत, तो ऐकणा नाय." मी जाऊन बघितलं तर भिंती वर गेलेल्या, सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) प्लेटा ठोकून झालेल्या, अर्धी सळई पसरलेली. लेव्हल खरंच आली होती, स्लॅब आला नव्हता. करार काढून वाचला तर शब्द त्याच्या बाजूने. चेक फाडला.

पुढचे तीन आठवडे साइटवर कुत्रं फिरकलं नाही. सळई बांधून तशीच उघडी, आणि आमचं घर सड्यावर (उघड्या कातळमाथ्यावर), समोरून खारा वारा, सळई लाल होऊन हात लावला की बोटाला गंज. विहिरीला पाणी नाही, टँकर बोलवावा लागणार म्हणून तो अजून मागे सरकला. स्लॅब शेवटी मे संपता संपता ओतला, पाठोपाठ पाऊस लागला, गिलावा नसलेल्या चिऱ्याने पाणी पिऊन घेतलं आणि काम थांबलं ते दिवाळीनंतर चालू झालं. पाच महिने ताडपत्री बांधा, सोडा, वाऱ्याने फाटली की नवी आणा. हे सगळं "लेव्हल" या एका शब्दापायी.

म्हणून आता मी लेव्हल हा शब्दच काढून टाकते. जोत्याला, लिंटेलला, गिलाव्याला, सगळीकडे "पूर्ण झाल्यावर" लिहा आणि पूर्ण म्हणजे काय ते एका ओळीत लिहा. "चालू झाल्यावर", "लागल्यावर", "च्या वेळी" हे शब्द दिसले की खोडा. स्लॅबचे 25 टक्के मी तीन तुकड्यात देते.

पहिले 10, सळई बांधून झाली, खडी-क्रश सँड-सिमेंट साइटवर उतरलं, ओतायची तारीख आठवड्याच्या आतली ठरली आणि इंजिनिअरने वर चढून सळई बघितली की. हे पैसे आधी द्यावेच लागतात, स्लॅबच्या दिवशी मिक्सर, लिफ्ट, वीस-पंचवीस माणसं, त्यांचं जेवण, सगळं त्याला त्याच दिवशी भागवायचं असतं, तिथे अडवून धरणं बरोबर नाही. पण इंजिनिअर काँट्रॅक्टरचा नको, तुमचा पाहिजे, व्हिजिटचे पैसे तुम्ही द्या. तो काय बघणार? सळईचा गेज, अंतर, आणि खालचं कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर. आमच्या पहिल्या स्लॅबला सळईखाली कव्हर ब्लॉकच्या जागी चिऱ्याचे तुकडे सारलेले होते, मला तेव्हा कळलं पण नाही. चिरा पाणी धरतो, ते पाणी सळईला भिडतं, आणि दहा वर्षांनी छताचे पापुद्रे सुटून अंगावर पडतात. आयएस 456 हा काँक्रीटचा भारतीय कोड समुद्राकाठच्या उघड्या काँक्रीटला एम 30 ग्रेड (आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत) आणि 45 मिलिमीटर कव्हर सांगतं. इकडे सर्रास एम 20 ओततात आणि कव्हर अंगठ्याएवढं. तुमचं घर समुद्रापासून किती आत आहे त्यावर इंजिनिअर काय ते ठरवेल, पण ते आकडे करारात आले पाहिजेत, नंतर तोंडी बोलून काही होत नाही.

दुसरे 10, स्लॅब ओतून त्यावर वाफे करून पाणी साठवलेलं दिसलं की. ओतला त्याच दिवशी नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा आणि पाणी आहे का बघा. एप्रिल-मे मध्ये पाणी मारायचं काम कुणाचं आणि टँकरचे पैसे कुणाचे हे करारात नसेल तर ते तुमचे, हे धरून चाला.

तिसरे 5, सेंट्रिंग निघाल्यावर. प्लेटा भाड्याच्या असतात, रोजचं भाडं चढतं, त्यामुळे त्या काढायची काँट्रॅक्टरला भारी घाई. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू कमीत कमी 7 दिवस, त्यावर असेल तर 14, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14 आणि त्याहून लांब असेल तर 21, असं त्याच आयएस 456 कोडात आहे, आणि हे सुद्धा साध्या ओपीसी सिमेंटला. आता बहुतेक ठिकाणी पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) येतं, त्याला अजून दिवस द्या. तारीख इंजिनिअर सांगेल तीच. निघाल्यावर खालून टॉर्च मारून बघा, खडी उघडी पडली असेल किंवा सळई दिसत असेल तर आधी ते नीट करून घ्या मगच 5 टक्के. नुसतं सिमेंट फासून झाकणं म्हणजे नीट करणं नव्हे.

"मटेरियलला पैसे द्या"

हप्त्याच्या मधे हा फोन येणारच. नाही म्हणू नका, पण त्याच्या हातात देऊ नका. दुकानदाराला थेट ट्रान्सफर करा, बिल तुमच्या नावावर घ्या आणि तेवढे पुढच्या हप्त्यातून वजा असं व्हॉट्सअॅपवर लिहून त्याच्याकडून "ओके" घ्या. चिरा आला तर ट्रकातून उतरताना मोजा, फुटका बाजूला काढा, मोजायला घरातलं पोर बसवा. सिमेंटच्या दोनशे गोण्या आधी भरून ठेवायच्या फंदात पडू नका, आपल्याकडच्या दमट हवेत गोणीत गठ्ठे होतात.

रोख शक्यतो नकोच. 2 लाख किंवा त्यावर रोख घेण्याला आयकर कायद्यात 2017 पासून बंदी आहे, दंड घेणाऱ्याला आहे, हे त्याला एकदा सांगून ठेवा, मग "रोख दिलंत तर दोन पैसे कमी करतो" हे बंद होतं.

तुम्ही मुंबईत असाल तर

फोटोवर पैसे सोडू नका. मोठ्या दिरांना एकदा गिलाव्याचा फोटो आला, छान गुळगुळीत भिंत, ते पैसे टाकायलाच बसलेले, सहज मला पाठवला. खिडकीतून मागे माड दिसत होता. आमच्या त्या बाजूला माड नाहीच, काजू आहे! दुसऱ्याच घराचा फोटो. तेव्हापासून आमचा नियम, व्हिडिओ कॉल गेटपासून चालू करायचा आणि न थांबवता आत जायचं. आणि गावात कुणी नसेल तर इंजिनिअरला प्रत्येक हप्त्याला पैसे देऊन पाठवा, ते पैसे फुकट जात नाहीत.

होम लोन असेल तर बँक तुमचा हिस्सा आधी खर्च करायला लावते, मग तिचा माणूस साइट बघून पुढचे सोडते. बँकेचे टप्पे आणि काँट्रॅक्टरचे टप्पे सही करायच्या आधी शेजारी ठेवून जुळवा, नाहीतर काम झालेलं आणि बँकेचे पैसे यायचे, मधल्या मधे तुम्ही.

एक्स्ट्रा काम

वही करा. काम, रेट, दोघांची सही, काम करायच्या आधी. सही नाही तर पैसे नाहीत.

तुम्ही पण वेळेवर द्या

टप्पा झाला, बघून झाला, की दोन दिवसात पैसे. देताना घासाघीस नाही. मजुरांचा पगार बाजाराच्या दिवशी असतो, त्याच्या आदल्या दिवशी हप्ता पडला तर तुमच्या साइटवरची माणसं तो दुसरीकडे हलवत नाही, हे मी चार घरांत बघितलंय. शिमग्याला आठ-दहा दिवस कुणी येणार नाही, ते धरूनच तारखा लावा, उगाच भांडू नका. काम खराब असेल तर सगळा हप्ता दाबून बसू नका, दुरुस्तीचा अंदाज इंजिनिअरकडून लिहून घ्या, तेवढेच ठेवा, बाकी द्या, आणि का ठेवले ते लेखी कळवा.

काम टाकूनच गेला तर दुसरा मेस्त्री घुसवायच्या आधी इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप आणि फोटो करून ठेवा, त्याला हजर राहायला लेखी बोलवा, नाही आला तर तसं लिहा. मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. घरबांधणी ही 2019 च्या ग्राहक कायद्यात सेवा धरलेली आहे, दिलेली रक्कम 50 लाखापर्यंत असेल तर जिल्ह्यातच तक्रार होते, मुदत 2 वर्षं. महारेरा महारेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) म्हणून कुणी सांगेल, पण स्वतःच्या जागेत काँट्रॅक्टरकडून घर बांधून घेताना रेराचा संबंध येत नाही.

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीला बिल्डरकडून फ्लॅट घेताय तर मात्र येतो. तिथे नोंदणीकृत कराराशिवाय 10 टक्क्यांवर घ्यायला बंदी आहे, आणि राज्याच्या नमुना करारात वरच्या मर्यादा दिल्यात: करारानंतर 30 टक्के, जोत्यापर्यंत 45, सगळे स्लॅब होईपर्यंत 70, शेवटचे 5 ओसी (राहायला जायचा दाखला) आणि ताब्याला. तुमच्या हातातला तक्ता त्याच्या बाजूला ठेवून बघा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा 8 फ्लॅटपर्यंतची स्कीम असेल तर तिला नोंदणी लागत नाही, तिथे वर सांगितलं तेवढंच हत्यार.

शेवटचे 10 टक्के

हे गृहप्रवेशाला द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी. करारात लिहा "पहिल्या पावसानंतर, 31 जुलैला". मृगाच्या दोन सरींनी काही कळत नाही, आषाढातला आडवा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर चार दिवस लागला की मग घर बोलायला लागतं. खिडकीच्या खालचे कोपरे, स्लॅब आणि भिंतीचा जोड, जिन्याची टोपी, बाथरूमच्या मागची भिंत, आणि भिंतीत घेतलेले पावसाच्या पाण्याचे पाइप, एवढ्या ठिकाणी हाताचा तळवा लावून बघा, डोळ्याला ओल उशिरा दिसते. नणंदेच्या घरी माळ्याच्या खिडकीखाली ओल आली, काँट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी इरलं-छत्री घेऊन स्वतः हजर, ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तशी दुरुस्ती केली, मी तिथेच पैसे पाठवले. त्याच दिवशी त्याच्याकडून वायरिंगचे भिंत बुजवायच्या आधीचे फोटो, पाण्याच्या लाइनचा हाताने काढलेला नकाशा आणि टाकीच्या झाकणाची दुसरी किल्ली घेतली.