बागेत ज्येष्ठांसाठी उठबशीचा बाक आणि चालायचे बार

सांगलीत कॉलनीच्या मोकळ्या जागेत ओपन जिम करायची म्हटलं की यादीत हमखास एअर वॉकर, म्हणजे झुलत्या पट्ट्यांवर उभं राहून पाय पुढे-मागे हलवायचं यंत्र, असतो. ज्येष्ठांसाठी करताय ना, मग तोच पहिल्यांदा खोडा. एक पाय ठेवला की पट्टी झुलते, दुसरा पाय जमिनीवर राहतो आणि तोल जातो. त्याऐवजी जागच्या न हलणाऱ्या दोनच वस्तू करून घ्या.

पहिली, उठबशीचा बाक. शेजारी-शेजारी तीन बैठका: ५०, ४६ आणि ४२ सेंमी उंचीच्या. सुरुवात उंच बैठकीवरून. सलग पाच वेळा दम न लागता उठता आलं की खालची. हाताच्या दांड्या बैठकीच्या २० सेंमी वर आणि पुढच्या कडेच्या ५ सेंमी पुढे आलेल्या असाव्यात, कारण उठताना सगळा जोर त्या टोकावर येतो. फॅब्रिकेटर मजबुतीसाठी पुढच्या पायांत आडवा पाइप मारायला जाईल. मारू देऊ नका. उठण्याआधी टाचा बैठकीखाली ओढाव्या लागतात. पाइप आडवा आला की माणूस अर्ध्यातून धपकन मागे बसतो. पाइप मागच्या पायांत द्या.

दुसरी, समांतर बार, दोन्ही हातांनी धरून मधून चालायचे. लांबी ३ मीटर, मधलं अंतर ६० सेंमी, उंची ८० सेंमी. कोपर जरासं वाकलेलं राहिलं पाहिजे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप एक इंचीच घ्या, बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, निळ्या पट्टीचा. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ३४ मिमी, मुठीत बसतो. दीड इंची ४८ मिमी भरतो; दिसायला दणकट, पण संधिवाताची बोटं त्याभोवती मिटत नाहीत. जोड ग्राइंडरने गुळगुळीत करा, नाहीतर साडीचा पदर अडकतो. वेल्डिंगने जस्त जळतं, म्हणून तिथे झिंक प्रायमर हवाच.

खांब दर दीड मीटरला. काळ्या मातीत वरवर पुरलेले खांब दोन पावसाळ्यांत कलतात, कारण ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खणा, किमान ४५ सेंमी तरी, आणि १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. काँक्रीटच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या; पाणी साचलं की पाइप बुडातूनच गंजतो. सात दिवस पाणी मारा, तोवर कुणाला हात लावू देऊ नका. मग दोन धडधाकट माणसांनी बार धरून जोरात हलवून बघा. खांब बुडाशी जरा जरी डुलला तरी खणून पुन्हा भरा.