एनआयसीयूत सेंट्रल लाइनचं इन्फेक्शन टाळायचंय? मग हब सांभाळा

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सेंट्रल लाइन (मोठ्या रक्तवाहिनीत जाणारी नळी) टाकताना सगळे कडक असतात. टोपी, मास्क, स्टराइल गाऊन, ग्लोव्हज, मोठा ड्रेप सगळं व्यवस्थित, आणि ते हवंच. पण लाइन जितके दिवस राहते तितका धोका हबकडे सरकतो, म्हणजे आपण सिरिंज जोडतो त्या तोंडाकडे, आणि तिथे दिवसभरात किती हात लागतात ते बघा एकदा.

म्हणून हब उघडायच्या आधी हँडरब (हाताला चोळायचं सॅनिटायझर) घ्या, २०-३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत. हबखाली स्टराइल गॉझ ठेवा. मग ७०% अल्कोहोलचा स्वॅब घेऊन जोर देऊन गोल गोल घासा, तोंड, कडा, आटे सगळं, किमान १५ सेकंद, नुसतं पुसल्यासारखं करू नका प्लीज. आणि मग थांबा. पूर्ण वाळू द्या, कारण अल्कोहोलला काम करायला तेवढा वेळ लागतो, मॉनिटर कितीही वाजत असला तरी हबवर फुंकर मारायची नाही की हाताने वारा घालायचा नाही. हब डायपरला किंवा चादरीला लागला तर परत पहिल्यापासून.

लाइन कमीत कमी वेळा उघडा. सॅम्पल, औषधं एकत्र प्लॅन करा. लिपिडचा (शिरेतून द्यायच्या फॅटचा) सेट, म्हणजे जोडलेली नळी, २४ तासांनी बदला, बाकी सतत चालणारे सेट ९६ तासांच्या आत उगाच बदलू नका, रक्त गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

स्किनचं मात्र जपून. १००० ग्रॅमच्या खालच्या बाळाला क्लोरहेक्सिडिनने (स्किन जंतुमुक्त करायच्या औषधाने) केमिकल बर्न होऊ शकतो, त्यामुळे युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणेच, थोडंसंच वापरा आणि पाठीखाली साचलं नाही ना ते आवर्जून बघा. ड्रेसिंग ठरलेल्या वारी बदलायची गरज नाही, सुटलं, ओलं झालं किंवा घाण झालं तरच बदला, आणि दोघींनी मिळून, नाहीतर लाइन सरकते आणि नाजूक स्किन सोलते. नाळेच्या लाइनवर अँटिबायोटिक मलम लावू नका, त्याने फंगल इन्फेक्शन वाढतं.

सगळ्यात भारी उपाय म्हणजे लाइन काढणं! रोज राउंडला सिस्टरनीच विचारायचं, सर, ही लाइन आज कशासाठी हवीये? उत्तर "असू दे, लागली तर" असं आलं तर परत विचारा, लाजू नका. फीड (पोटात जाणारं दूध) साधारण १२० मिली प्रति किलो प्रति दिवसापर्यंत आलं की बहुतेक बाळांची लाइन काढता येते. नाळेच्या शिरेतली लाइन सातव्या दिवसापर्यंत आणि धमनीतली पाचव्यापर्यंत काढायचं टार्गेट ठेवा.

आणि हो, अ‍ॅप्निया (श्वास मध्येच थांबणं) वाढले, टेम्परेचर वरखाली व्हायला लागलं, फीड पचेना, बाळ मलूल वाटलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी, निदान १ मिली रक्त घेऊन पाठवा.