जीव सुखावणारी कादंबरी सुचवताना

‘काहीतरी गोड, मनाला बरं वाटेल असं वाचायला सांग’ असं कुणी म्हटलं, की आपण आपली लाडकी कादंबरी पुढे करतो. तिथेच गडबड होते. आधी विचारा : अर्ध्यावर कुठली सोडली, आणि का? आवडलेल्या पुस्तकांपेक्षा सोडलेल्यांतून जास्त कळतं. कुणी बोलीत अडतं, कुणाला लांबलचक वर्णनं सोसत नाहीत, कुणाला बारीक टाइप दिसत नाही. गोव्यात आणखी एक प्रश्न लागतोच : मराठी की कोंकणी, आणि कोंकणी असेल तर देवनागरी की रोमी, म्हणजे रोमन लिपीतली? रोमीत वाचणाऱ्याच्या हाती देवनागरी पुस्तक दिलं तर ते कपाटातच राहतं.

मग बरं वाटणं म्हणजे नेमकं काय हवंय ते काढून घ्या. रडून मोकळं व्हायचंय, हसायचंय, की माणसं चांगली असतात हे पुन्हा पटायला हवंय? ‘श्यामची आई’ पहिल्या प्रकारातली. तिच्या एकेका प्रकरणाला ‘रात्र’ म्हटलंय, त्यामुळे गणेशचवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतानाही रोज थोडी थोडी वाचून होते. पण ज्याची आई नुकतीच गेली आहे त्याला ती आत्ता देऊ नका. पुस्तक तेच असलं तरी वेळ चुकली की ते बोचतं.

शेवटाबद्दल बोलायला लोक बिचकतात. शेवटी काय घडतं हे सांगू नये, पण शेवट कसा आहे हे सांगावंच. ‘बनगरवाडी’ घ्या. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि त्याला हळूहळू आपलं म्हणणारी माणसं. एवढ्यावर कुणालाही ती सुखद वाटेल. शेवट मात्र मनाला हुरहूर लावतो. हे आधी न सांगता दिलीत तर वाचणारा तुमच्या पुढच्या शिफारशीवर विश्वास ठेवणार नाही. ‘शाळा’ देताना आणीबाणीचा काळ आणि नववीतल्या मुलांची मोकळी भाषा, दोन्ही आधीच सांगा.

सांगायचं दोनच वाक्यांत : कोण, कुठे, आणि त्याला काय हवंय. कथानक उलगडत बसलात तर वाचायला उरतं काय? ‘तुला आवडेलच’ असंही म्हणू नये. मग न आवडल्याचं सांगायला माणूस संकोचतो. एका वेळी एकच पुस्तक. दहा नावांच्या यादीतलं एकही वाचलं जात नाही.

सुचवण्यापूर्वी ते मिळतं का हे बघा. जुन्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या संपलेल्या असतात. पणजीत पाटोवरचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय किंवा जवळचं वाचनालय, तिथे आधी चौकशी करा. तिथेच पहिली वीस पानं वाचून बघायला सांगितलं तर निम्मं काम होतं. स्वतःची प्रत पावसाळ्यात देत असाल तर आधी पानं चाळा. जून ते सप्टेंबर दमट हवेने बुरशी धरते, आणि दम्याच्या माणसाला तो वास सोसत नाही. पंख्याखाली पानं उलटून वाळवा, मगच प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ओलं तसंच बांधलं तर बुरशी वाढते.

दोन आठवड्यांनी ‘आवडलं का?’ विचारू नका, ‘कुठवर आलं?’ विचारा. अडलं असेल तर कुठल्या पानावर ते बघा. सुरुवातीलाच अडलं असेल तर बहुतेक भाषा जड गेली, मध्येच थांबलं असेल तर गोष्ट रेंगाळली. पुढचं पुस्तक त्यावरून निवडायचं.