फ्रंट-एंडच्या मुलाखतींतील नकार आणि माझी नोंदवही

पुण्यात फ्रंट-एंडच्या, म्हणजे वेबसाइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग घडवण्याच्या, कामासाठी दिलेल्या सलग ९ मुलाखतींत नकार आल्यावर माझा धीर खचला होता, आणि कारण न कळवता आलेले नकार तर अधिकच जिव्हारी लागत. अखेर प्रत्येक मुलाखतीनंतर तासाभरात, आठवण ताजी असतानाच, मी प्रश्न आणि माझी उत्तरे वहीत उतरवू लागलो. चार-पाच नोंदींनंतर दिसले की मी रिअ‍ॅक्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या एका तयार लायब्ररीमध्ये) नव्हे, तर निखळ जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मूळ प्रोग्रॅमिंग भाषेतच, अडत होतो. सेटटाइमआउटला (कोड ठरावीक वेळाने चालवणाऱ्या फंक्शनला) शून्य विलंब दिला तरी पूर्ण झालेल्या प्रॉमिसचा (नंतर मिळणाऱ्या निकालाचा) कॉलबॅक, म्हणजे निकालानंतर चालवायचे फंक्शन, आधी चालतो, हे मला पाठ होते. परंतु मायक्रोटास्कची (प्रॉमिसच्या कॉलबॅकसारख्या कामांची) रांग रिकामी झाल्याशिवाय इव्हेंट लूप, म्हणजे कामे एकेक करून चालवणारी यंत्रणा, टायमरसारखे पुढचे टास्क उचलत नाही, हे कारण सांगता येत नव्हते. मग दीड महिना मी डिबाउन्स (सलग येणाऱ्या कॉल्सनंतर थोडे थांबून फंक्शन एकदाच चालवणे), प्रॉमिस.ऑल (अनेक प्रॉमिसचे निकाल एकत्र मिळवणे), कीबोर्डने चालणारा ड्रॉपडाउन अशा गोष्टी लायब्ररीविना लिहिल्या, आणि लिहिताना मोठ्याने बोलत राहिलो, कारण मुलाखतीत मुकाट्याने कोड लिहिणे हीच माझी सर्वांत मोठी चूक होती, असे मला आजही वाटते. त्यानंतरही दोन नकार आले, पण कोठे चुकलो ते त्याच संध्याकाळी ठाऊक होते. तिसऱ्या ठिकाणी डिबाउन्सच विचारला गेला. टायमर क्लोजरमध्ये, म्हणजे फंक्शनने लक्षात ठेवलेल्या बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये, का जपावा लागतो, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावले आणि तेथे माझी निवड झाली.