बारोलो: चाखावी कशी, मुरवावी कशी

कोवळी बारोलो उघडली की पहिल्याच घोटाला हिरड्या आखडतात आणि जिभेला तोठरा बसतो. बरेच जण तिथेच पेला बाजूला ठेवतात. पण याच तुरटपणाच्या जोरावर ही वाईन वीस-तीस वर्षं टिकते. तो कोणत्या जातीचा आहे हे तोंडाला कळलं, की बाटली कधी उघडायची याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात, लांगे टेकड्यांवरच्या 11 गावांत फक्त नेब्बिओलो द्राक्षापासून ही वाईन होते. कायद्याने ती सुगीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने मुरवावी लागते, त्यातले किमान 18 महिने लाकडात. ‘रिझेर्वा’ या जास्त मुरवलेल्या प्रकारासाठी 62 महिने. म्हणजे 2019 ची साधी बारोलो जानेवारी 2023 च्या आधी बाजारात येऊच शकत नाही. पारंपरिक पद्धतीत रस सालांसकट महिनाभर, कधी त्याहून जास्त ठेवतात आणि मग ‘बोत्ती’त भरतात. बोत्ती म्हणजे स्लाव्होनियन ओकची जुनी, अवाढव्य पिंपं, साधारण 2,000 ते 10,000 लिटरची. पिंप मोठं, म्हणून प्रत्येक लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी; आणि जुनं, म्हणून व्हॅनिलाचा वास उतरत नाही. 225 लिटरच्या नव्या ‘बॅरिक’ नावाच्या छोट्या पिंपात नेमकं उलटं होतं. बार्तोलो मास्कारेल्लो, जुझेप्पे रिनाल्दी, जाकोमो कोन्तेर्नो ही जुन्या वळणाची नावं. पारंपरिक बारोलो कशी लागते हे शिकायचं असेल तर मोठी बोत्ती वापरणाऱ्यांपासूनच सुरुवात करा. नव्या लाकडाचा वास आला की द्राक्ष ओळखणं अवघड जातं.

गावाचं नावही बघा. ला मोर्रा आणि बारोलो गावाच्या बाजूची वाईन तुलनेने लवकर मवाळ होते. सेर्रालुंगा द’आल्बा आणि मोन्फोर्ते द’आल्बाची जास्त ताठर, म्हणून जास्त थांबायला लावणारी.

आता चाखण्याकडे. वाईन 16 ते 18 अंशांवर हवी. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. मुंबईच्या 30 अंशांत पहिला वास अल्कोहोलचाच येईल. बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत 10-12 मिनिटं ठेवली की काम होतं. पेला मोठा, 600 मिलिलिटरच्या आसपासचा घ्या आणि त्यात 90 मिलिलिटरच ओता.

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरा. रंग फिकट, कडा विटकरी दिसली तर ‘पाणी घातलंय’ किंवा ‘म्हातारी झाली’ असं समजू नका. नेब्बिओलोतली रंगद्रव्यं सहज ऑक्सिडाइझ होतात, त्यामुळे ती तरुणपणीही अशीच दिसते. मग न हलवता एकदा, हलवून एकदा वास घ्या. कोवळेपणी चेरी आणि ताजा गुलाब. पुढे गुलाब सुकत जातो आणि ज्येष्ठमध, डांबर, कातडं, पावसाळ्यातला ओला पालापाचोळा असे वास वर येतात.

घोट तोंडात दहा सेकंद फिरवा, गिळा आणि मान थोडी खाली करा. जबड्याखालून लाळ सुटली तर आंबटपणा शाबूत आहे. मग जीभ हिरड्यांवरून फिरवा. पिकलेला तुरटपणा बारीक रव्यासारखा, सगळीकडे सारखा लागतो. असा असेल तर वाईन थांबेल. कच्च्या केळ्याच्या सालीसारखा चरचरीत आणि जिभेवर एकाच जागी अडकणारा असेल तर वर्षांनी फारसा फरक पडणार नाही, कारण द्राक्षच नीट पिकलेलं नव्हतं. काळाबरोबर टॅनिनची (तुरटपणा आणणारं द्रव्य) आणि रंगद्रव्यांची साखळी होते, ती जड होऊन गाळ बनते आणि वाईन मऊ होते. आंबटपणा मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून फळ आधीच विरलेलं आणि आंबटपणा तेवढा उरलेला असेल, तर ठेवू नका, पिऊन टाका.

दुसरा घोट जुन्या पार्मिजानोच्या तुकड्यासोबत घ्या. टॅनिन चीजमधल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोठरा तिथल्या तिथे उतरतो. ताठर वाईन पुढे कशी होईल, याची थोडी झलक मिळते.

मुरवायची असेल तर एक बाटली घेऊ नका. एकाच सालाच्या निदान तीन घ्या. 2010 किंवा 2016 सारख्या भक्कम सालाची असेल तर पहिली सुगीनंतर दहाव्या वर्षी, दुसरी पंधराव्या, तिसरी विसाव्या वर्षाच्या पुढे. 2003 किंवा 2017 सारख्या उष्ण सालांना साधारणपणे एवढा धीर धरू नये.

जागा 12 ते 14 अंशांची, अंधारी, 60-70 टक्के दमट, आणि बाटली आडवी. तापमान स्थिर असणं सगळ्यात महत्त्वाचं: वर-खाली झालं की वाईन फुगते-आकसते, बूच ढिलं पडतं आणि हवा आत शिरते. महाराष्ट्रातला मे महिना कपाटातल्या बाटलीला सोसत नाही. वाईन कूलर घेणार असाल तर कॉम्प्रेसरचाच घ्या. थर्मोइलेक्ट्रिक प्रकार बाहेरच्या तापमानापेक्षा थोड्याच अंशांनी खाली जातो. घरचा फ्रिज काही आठवड्यांपुरता ठीक. वर्षभर ठेवलं तर कोरड्या हवेने बूच सुकतं.

जुनी बाटली (पंचवीस वर्षांपुढची) उघडण्याआधी दोन-तीन दिवस उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. बूच ठिसूळ झालेलं असतं, स्क्रू घातला की भुगा होतो. म्हणून दोन पात्यांचा ओपनर वापरा. पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून खाली सरकवा आणि पिळत वर काढा. एक घोट ओतून चाखा, मग बाटली तीन-चार तास तशीच उघडी ठेवा. डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून वापरायचं काचेचं भांडं) सपासप ओतली तर नाजूक वास तासाभरात उडून जातो. ओतताना मानेखाली टॉर्च धरा आणि गाळाची पहिली रेघ मानेत आली की थांबा. पाच-दहा वर्षांची ताठर बाटली मात्र खुशाल दोन-तीन तास डिकँट करा.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढतो. सफरचंद कापून ठेवल्यासारखा वास म्हणजे हवा आत गेली. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास हलका असेल तर तासभर थांबून पुन्हा बघा. जामसारखं शिजलेलं फळ आणि वर सरकलेलं बूच एकत्र दिसलं, तर बाटलीला वाटेत ऊन लागलंय.

उरलेली वाईन 375 मिलिलिटरच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली तर कोवळी बारोलो तीन दिवस टिकते. जुनी त्याच संध्याकाळी संपवा.