जुना गेम, नवा पोर्ट: फुकट मागायचा की परत पैसे द्यायचे, कसं ठरवायचं

गेल्या पावसात वेंगुर्ल्याला मावशीकडे होतो, दुपारपासून लाईट नाही, पडवीत बसून मावसभाऊ मोबाईलवर स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम शोधत होता. लॅपटॉपवर त्याने तो २०१६ सालीच घेतलाय, अगदी नवा आला तेव्हा, आणि अँड्रॉइडवर परत पैसे मागतात बघून तो जाम चिडला. "आमी पैशे आधीच दिलव मा, मगे परत कित्याक देवचे?" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून गेमचा पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी बनवलेली आवृत्ती आली की कुठे हक्काने मागायचं आणि कुठे मुकाट पैसे भरायचे ते एकदा नीट लिहितोय.

आधी बघा की गेम घेतलाय कुठून. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानातून घेतला असेल तर विंडोज, मॅक, लिनक्स यांचं बहुतेक वेळा एकाच खरेदीत भागतं, २०१० मध्ये मॅकवर स्टीम आलं तेव्हापासून हीच पद्धत आहे. स्टारड्यूचंच घ्या, मॅक आणि लिनक्सची आवृत्ती २०१६ च्या जुलैत आली ती स्टीमवाल्यांना तशीच मिळाली, पण निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर २०१७ ला, आयफोनवर २०१८ ला आणि अँड्रॉइडवर २०१९ ला आला तिथे प्रत्येक ठिकाणी वेगळे पैसे. बनवणारा तोच, मग असं का? एक तर तुम्ही स्टीमवर काय घेतलंय ते गुगलच्या दुकानाला माहीत नसतं, आणि दुसरं म्हणजे काम. माऊसने चालणारा गेम बोटाने चालवायचा तर मेनू परत मांडावे लागतात, अक्षरं मोठी करावी लागतात, स्वस्तातल्या फोनवर अडकतो का ते बघावं लागतं, कन्सोल असेल तर त्या कंपनीच्या तपासणीतून पास व्हावं लागतं. कोणीतरी महिनोन् महिने बसून हे केलेलं असतं. (स्टीमवाल्यांचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक घेणार असाल तर मात्र परत काही विकत घेऊ नका, तुमचे विंडोजचे बरेचसे गेम प्रोटॉन या त्यातल्याच सॉफ्टवेअरवर तिथे तसेच चालतात.)

माझं मत विचाराल तर मला आमची देवगडची बाग आठवते. पौषात मोहोर दिसला की काही गिऱ्हाईकं पेटीचे पैसे आधीच देऊन ठेवतात, पुढे अवकाळी पडला किंवा तुडतुडा आला तर माल कमी येणार हे माहीत असूनही देतात, त्या पैशातूनच आमच्या फवारण्या होतात. त्यांना आम्ही दर कमी लावतो आणि पहिली पेटी त्यांच्याकडे जाते, हा त्यांचा मान आहेच. पण जूनमध्ये आमरसाचे डबे भरले की ते पण फुकट द्या असं त्यातलं कोणी म्हणत नाही. मात्र पैसे घेताना आम्हीच "दोन डबे पण देऊ" बोललो असू तर मग दिलेच पाहिजेत, पीक कसंही येवो. अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच गेम घेणाऱ्याचं मला अगदी असंच वाटतं.

म्हणजे खरं काम हे की पैसे दिले तेव्हा शब्द काय दिला होता ते शोधायचं. माइनक्राफ्ट ज्यांनी अल्फात, म्हणजे गेम अजून कच्चा असताना, २० डिसेंबर २०१० च्या आधी घेतला त्यांना पुढचे अपडेट फुकट असं सांगितलं होतं, पण मोबाईलवरचा माइनक्राफ्ट त्यांनाही वेगळाच घ्यावा लागला. होलो नाइट या गेमसाठी २०१४ ला किकस्टार्टर साईटवर लोकांकडून आधीच पैसे गोळा केले, त्यात हॉर्नेट हे पात्र खेळायला मिळेल असं ठरलं होतं, ते वाढत वाढत सिल्कसाँग नावाचा अख्खा वेगळा गेम झाला, तरी तेव्हा पैसे दिलेल्या जुन्या बॅकर्सना तो फुकट देणार हे त्यांनी २०१९ लाच जाहीर केलं. आणि शब्द दाखवून काम होतं याचं मोठं उदाहरण म्हणजे होरायझन फॉरबिडन वेस्ट हा गेम. सोनीने २०२० मध्ये म्हटलं होतं की पीएस४ (प्लेस्टेशन ४) चा घेतला तर पीएस५ चा फुकट मिळेल, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये साध्या आवृत्तीतून ते काढून टाकलं, लोकांनी जुनं बोलणं समोर ठेवलं आणि काही दिवसांतच सोनीने निर्णय फिरवला. त्याच वेळी हेही सांगितलं की यापुढच्या गेमना अपग्रेडचे १० डॉलर लागतील, म्हणजे नवीन गिऱ्हाईकाला आधीच कळलं, आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

तर घ्यायच्या दिवशीच दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, बिलाचा मेल वेगळ्या फोल्डरात ठेवा. मी एक अर्धवट गेम थेट बनवणाऱ्यांच्या साईटवरून घेतला होता, पानावर स्पष्ट लिहिलेलं की मोबाईलची आवृत्ती यातच येईल, पण ती आली तेव्हा मला काहीच आलं नाही. पहिला मेल मी रागाने लांबलचक लिहिला, उत्तर नाही. दुसरा चार ओळींचा: ऑर्डर नंबर अमुक, घेतल्याची तारीख अमुक, तुमच्या पानावर हे वाक्य होतं, सोबत स्क्रीनशॉट जोडलाय, कृपया अँड्रॉइडचा कोड पाठवा. नवव्या दिवशी कोड आला. तेव्हापासून मी सगळ्यांना हाच साचा देतो. रक्कम मोठी असेल आणि लेखी शब्द मोडला जात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे, पण आधी कंपनीला आणि दुकानाला लिहाच.

शब्द दिलेलाच नसेल तर फुकट मागू नका, सवलत मागा. जुना गिऱ्हाईक म्हणून विचारायला काहीच हरकत नाही आणि छोटे डेव्हलपर कधी कधी देतात पण. नाहीतर सेलची वाट बघा. घेतल्यावर लगेच खेळून बघा, गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत रिफंड मागता येतो, स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर.

मावसभावाच्या जुन्या मेलमध्ये आम्ही दोघांनी मिळून शोधलं, अँड्रॉइडबद्दल कुठेच एक शब्द नव्हता. थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने पैसे भरले. रात्री लाईट आली तेव्हा फोन चार्जिंगला लावून तिथेच भिंतीला टेकून बसला होता, नवीन शेत काढलेलं आणि पार्सनिपच्या पहिल्या १५ बिया पेरून झाल्या होत्या.