बुजऱ्या स्वभावाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षात कसे रुळावे

कोकणात पदवीचे पहिले वर्ष बहुधा भर पावसात सुरू होते. देवगड किंवा गुहागर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून निघालेला विद्यार्थी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात, दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा रत्नागिरीतल्या महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा आपण बुजरे आहोत हे त्याला कित्येकदा पहिल्यांदाच जाणवते. गावात त्याला सगळे अमक्याचा नातू, तमक्याची मुलगी म्हणून जन्मापासून ओळखत असतात, त्यामुळे स्वतःची ओळख स्वतः करून देण्याची वेळच त्याच्यावर आलेली नसते. मी स्वतः मालवण तालुक्यातून रत्नागिरीला शिकायला आलो आणि आता पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवतो. स्वभाव बदलण्याच्या मागे लागू नये, रोजच्या ठरलेल्या कामांतून ओळखी होऊ द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात हजेरीपासून करावी. आपला क्रमांक पुकारला गेल्यावर ‘येस सर’ हे दोन शब्द मागच्या बाकापर्यंत पोहोचतील एवढ्या आवाजात म्हणावेत. पुटपुटणाऱ्या विद्यार्थ्याचा क्रमांक शिक्षकाला पुन्हा पुकारावा लागतो आणि मग साऱ्या वर्गाच्या माना नेमक्या त्याच्याकडे वळतात. दिवसाकाठी चार-पाच तासांना हे दोन शब्द मोकळेपणाने उच्चारले, की त्या खोलीत आपला आवाज ऐकण्याची स्वतःलाच सवय होते. बसण्याची जागाही शक्यतो एकच ठेवावी, कारण रोज शेजारी बसणाऱ्याशी वहीच्या किंवा छत्रीच्या निमित्ताने बोलणे आपोआप निघते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिण्याचा धीर होत नसेल, तर याच शेजाऱ्याला स्वतंत्र मेसेज करून विचारावे.

बुजरेपणाच्या मुळाशी पुष्कळदा भाषा असते, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. घरी ‘मी इलंय’ म्हणणारा मुलगा वर्गात ‘मी आलो आहे’ म्हणताना मनातल्या मनात वाक्य दोनदा तपासतो, आणि पुस्तके इंग्रजीत असली तर तिसऱ्यांदा. तोवर बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. मालवणी ही चुकीची मराठी नव्हे, ती आपल्या घरची बोली आहे, तेव्हा तिचा हेल बोलण्यात उतरला म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. शंका विचारायची असेल तर ती वहीच्या शेवटच्या पानावर, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, पूर्ण वाक्यात लिहून ठेवावी. पहिले काही आठवडे ती भर वर्गात विचारण्याची गरज नाही. तास संपल्यावर दाराशी शिक्षकांना गाठावे आणि वहीतून वाचून दाखवावी. माझ्याकडे अशी वही घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधीही कमी लेखलेले नाही. उलट, त्याने विषयावर विचार केला आहे हे त्या एका ओळीवरून कळते. पुढे व्हायवाच्या वेळी हीच सवय उपयोगी पडते, कारण परीक्षकासमोर बसण्यापूर्वी शिक्षकाशी समोरासमोर बोलणे अनेकदा झालेले असते.

गप्पांच्या घोळक्यात शिरणे ज्याला जमत नाही, त्याने काम असलेल्या जागा शोधाव्यात. राष्ट्रीय सेवा योजना ही माझ्या मते अशा विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगली जागा आहे. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिरही असते. ओहोळावर वनराई बंधारा घालताना सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरायला एकाने गोणीचे तोंड धरावे लागते आणि दुसऱ्याने फावडे चालवावे लागते. तिथे ‘जरा वर धर’ याखेरीज काही बोलावे लागत नाही, तरी संध्याकाळपर्यंत त्या दोघांची ओळख झालेली असते.

वसतिगृहातही हेच सूत्र चालते. जुलैत आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत आणि व्हरांड्यात दोरी बांधायला जागा पुरत नाही. येताना घरून सुंभाची लांब दोरी आणि थोडे जास्त चिमटे आणावेत, आणि शेजारच्या खोलीत जाऊन ‘तुमचेही कपडे घाला’ एवढेच सांगावे. खानावळीत ताट घेऊन खोलीवर जाण्याचा मोह होतो. तो निदान रात्रीच्या जेवणापुरता आवरावा.

मात्र रॅगिंग मुकाट्याने सोसू नये. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर केव्हाही तक्रार करता येते. तसेच झोप, जेवण आणि अभ्यास यांवरून मन उडाल्यासारखे दोन-तीन आठवडे वाटत राहिले, तर त्याला बुजरेपणा समजून गप्प बसू नये. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत समुपदेशन मिळते आणि ते मराठीतूनही घेता येते.

खरी परीक्षा गणपतीनंतर होते. जेमतेम रुळलेले मूल घरी जाते, आरत्या, भजने आणि उकडीचे मोदक यांत रमते आणि परतीच्या दिवशी त्याचा पाय निघत नाही. काही जण पुढे आठवडा-दोन आठवडे येतच नाहीत आणि आल्यावर पुन्हा पहिल्या दिवसाइतकेच परके होतात. म्हणून घरी जाण्यापूर्वीच आपल्या वाटेवर गाव असलेला एखादा वर्गमित्र किंवा मैत्रीण शोधावी आणि परतीची एसटी एकत्र ठरवावी. चाकरमान्यांच्या गर्दीमुळे त्या दिवसांत आरक्षण लवकर संपते, तेव्हा तिकीट काढण्याच्या निमित्ताने ‘तू कधी निघणार?’ हे विचारणे सोपे जाते. परतताना पिशवीत थोडी करंज्या-लाडवांची शिदोरी जास्त घ्यावी आणि खोलीत पाऊल टाकताच, सामान लावण्याआधी, तो डबा सर्वांमध्ये उघडावा.